गॅसवर ठेवलेलं एक पातेलं पाणी

एका पातेल्यात लिटरभर पाणी घ्या, गॅसवर ठेवा आणि आधण येईपर्यंत तिथून हलू नका. झाकण नको आणि हातात फोनही नको. सात-आठ मिनिटांचा तर प्रश्न आहे. तेवढ्या वेळात पातेल्यात जे घडतं ते आपल्या डोळ्यांसमोर हजारदा घडून गेलेलं असतं, पण आपलं लक्ष एवढंच की आधण आलं का नाही. नदीतले मासे उन्हाळ्यात का तडफडतात, समुद्रकाठची हवा फारशी टोकाला का जात नाही, घाम वाळला की गार का वाटतं, नळाच्या तोंडाशी पांढरा थर का धरतो, यांतलं बरंचसं त्या पातेल्यात एकामागून एक दिसत जातं. मला तरी पाण्याचं विज्ञान पुस्तकापेक्षा ओट्यापाशी उभं राहून जास्त कळलं.

पहिले बुडबुडे वाफेचे नसतात

ज्योत पेटवून दोन-तीन मिनिटं झाली की पातेल्याच्या बुडाला आणि कडांना टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे चिकटून बसतात. पाणी अजून कोमटच असतं, त्यात बोट बुडवता येतं. तेव्हा ही वाफ असणं शक्य नाही. ही पाण्यात विरघळलेली हवा आहे. साखर-मीठ गरम पाण्यात लवकर विरघळतं, वायूंचं मात्र उलटं असतं. पाणी तापलं की त्यांचा मुक्काम हलतो. खात्री करून घ्यायची असेल तर एकदा उकळून गार केलेलं पाणी लगेच पुन्हा तापवून बघा. हे बारीक बुडबुडे जवळजवळ येतच नाहीत, कारण हवा पहिल्याच फेरीत निघून गेलेली असते.

मासे जगतात ते याच हवेतल्या ऑक्सिजनवर. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन त्यांच्या उपयोगाचा नाही, तो हायड्रोजनशी पक्का बांधलेला असतो. कल्ल्यांना लागतो तो सुटा फिरणारा. आणि तो असतो तरी किती? शून्य अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम मावतो, २० अंशांना ९ आणि ३० अंशांना साडेसात. आपल्या आजूबाजूच्या एक लिटर हवेत हाच ऑक्सिजन पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात असतो. ऑक्सिजनच्या बाबतीत माशाचं कायमच हातावर पोट. त्यात पाणी तापलं की मिळकत घटते आणि खर्च वाढतो, कारण गरम पाण्यात माशाच्या शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो. वीज केंद्रातली यंत्रं थंड करून बाहेर पडलेलं गरम पाणी तसंच नदीत सोडलं तर तेही प्रदूषणच धरलं जातं ते यामुळे. त्यात एक थेंब रसायन नसलं तरी.

तळ्यात शेतातलं खत आणि सांडपाण्यातलं फॉस्फेट येऊन पडलं की शेवाळ माजतं. दिवसा उन्हात ते ऑक्सिजन सोडतं, पण रात्री तेही इतरांसारखाच ऑक्सिजन वापरतं. मेल्यावर तर त्याला कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन फस्त करतात. म्हणून अशा तळ्यातले मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. रात्रभराच्या खर्चानंतर शिल्लक सगळ्यांत कमी असते ती तेव्हा. सकाळी मेलेल्या माशांचा खच दिसला की कुणीतरी विष कालवलं असावं असा पहिला संशय येतो. पुष्कळदा ते बिचारे नुसते गुदमरलेले असतात.

तापायला एवढा वेळ का?

बुडबुड्यांच्या पुढे काही मिनिटं फारसं काही दिसत नाही आणि इथेच माणसाचा धीर सुटतो. रिकामं पातेलं ज्योतीवर विसरलं तर मिनिटाच्या आत त्याला हात लावता येत नाही. पाणी मात्र सावकाश तापतं. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला ४.१८ ज्यूल ऊर्जा लागते. लोखंडाला त्याच्या साधारण नवव्या हिश्शात भागतं, वाळूला पाचव्या. भर दुपारी पुळणीवरून अनवाणी चालताना पायाला चटके बसतात आणि चार पावलांवर लाटेत पाय टाकला की गार वाटतं, त्यामागे मुख्यतः हाच हिशेब आहे. ऊन दोन्हीवर सारखंच पडलेलं असतं. पाणी ढवळलं जातं आणि ऊन त्यात खोलवर शिरतं, हेही त्याच्या जोडीला आलंच.

जे तापायला वेळ लावतं ते निवायलाही वेळ लावतं. त्यामुळे समुद्र उन्हाळ्यात उष्णता साठवतो आणि थंडीत ती हळूहळू सोडतो, आणि किनाऱ्याची हवा मवाळ राहते. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकून पडते आहे, तिच्यातली ९० टक्क्यांहून जास्त आतापर्यंत समुद्रानेच पोटात घेतली आहे. हवेचं वाढलेलं तापमान म्हणजे त्या मानाने नुसती चुणूक. आणि तापलेलं पाणी प्रसरण पावतं, त्यामुळे जमिनीवरचं बर्फ न वितळताही समुद्राची पातळी काही प्रमाणात वर येतच राहते.

पाण्याला इतकी उष्णता का लागते हे बघायला रेणूपर्यंत खाली उतरावं लागतं. पाण्याचा रेणू म्हणजे ऑक्सिजनचं एक मोठं डोकं आणि हायड्रोजनचे दोन कान असं समजा. दोन कानांमधला कोन १०४.५ अंश. ऑक्सिजन स्वभावाने हावरा, दोघांत वाटून घ्यायचे इलेक्ट्रॉन तो आपल्याकडे ओढून धरतो. त्यामुळे डोक्याच्या बाजूला किंचित ऋण भार आणि कानांच्या बाजूला किंचित धन भार येतो. मग एका रेणूचा कान शेजारच्या रेणूच्या डोक्याकडे ओढला जातो. या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. एक रेणू एका वेळी असे चार शेजारी धरू शकतो. ही पकड मजबूत नसते. सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास ती टिकते, सुटते आणि लगेच दुसऱ्या कुणाशी जुळते. दाट गर्दीत प्रत्येकाने कुणाचा ना कुणाचा हात धरलेला असावा आणि हात सतत बदलत असावेत, तसं काहीसं.

ही पकड नसती तर काय झालं असतं हे पाण्याच्या एका भावंडाकडे बघून कळतं. ऑक्सिजनच्या जागी त्याच्याच कुटुंबातलं गंधक बसवलं की हायड्रोजन सल्फाइड होतो, सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळपास दुप्पट जड. जड म्हणजे उकळायला अवघड असं आपल्याला वाटेल, पण तो उणे ६० अंशांनाच उकळून हवेत जातो. या कुटुंबाची रीत पाण्याने पाळली असती तर त्यालाही उणे ८० च्या आसपासच उकळी फुटली असती आणि पृथ्वीवर द्रव पाण्याचा एक थेंब राहिला नसता. पाणी १०० अंशांपर्यंत तग धरतं ते या सारख्या बदलणाऱ्या हातांच्या जोरावर. पातेल्याखालच्या ज्योतीची बरीचशी ऊर्जा आधी हे हात सैल करण्यात जाते, आणि रेणूंची धावपळ वाढवायला, म्हणजेच तापमान चढवायला, त्यातून उरेल तेवढीच मिळते.

याच पकडीमुळे काठोकाठ भरलेल्या पेल्यातलं पाणी काठाच्या वर किंचित फुगून राहतं आणि सांडत नाही. झाडांचंही तसंच. हवा शोषून घेणारा पंप पाणी १० मीटरच्या वर चढवू शकत नाही, मग तो कितीही दणकट असो, कारण पाणी वर ढकलणारा हवेचा दाब तेवढाच आहे. कॅलिफोर्नियातले रेडवूड वृक्ष मात्र ११५ मीटरहून उंच वाढतात आणि शेंड्यापर्यंत पाणी पोचवतात, तेही मोटारीशिवाय. पानातून एक रेणू वाफ होऊन बाहेर पडला की तो मागच्याला ओढतो, मागचा त्याच्या मागच्याला. मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याचा एक न तुटणारा धागाच ओढला जात असतो म्हणा ना. पाण्याबद्दलच्या सगळ्या गोष्टींमध्ये मला ही सर्वांत अचाट वाटते.

तोवर फ्रीझर उघडू

पातेल्याला अजून वेळ आहे. पाण्याची काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये ठेवून विसरण्याचा उद्योग बहुतेकांनी एकदा केलेला असतो. मीही केलाय. सकाळी बाटली उभी चिरलेली आणि आत बर्फाचा सरळ खांब. जवळजवळ सगळे पदार्थ गोठताना आकसतात, पाणी मात्र सुमारे ९ टक्के फुगतं. पुन्हा तेच चार हात. द्रव पाण्यात ते सतत बदलत असल्याने रेणू एकमेकांच्या फटींत घुसून दाटीने बसतात. गोठल्यावर प्रत्येकाचे चारही हात ठरलेल्या दिशांना ताठ होतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी आणि आतून पोकळ रचना उभी राहते, आणि त्याच रेणूंना जागा जास्त लागते.

म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतं. याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी सर्वांत दाट असतं ते शून्याला नव्हे तर ४ अंशांना. थंड प्रदेशातलं तळं निवू लागलं की ४ अंशांचं पाणी तळाशी जाऊन बसतं, त्याहून गार पाणी हलकं होऊन वर राहतं आणि वरच गोठतं. मग ते बर्फच रजईसारखं पडून राहतं आणि खालचं पाणी गोठायचं वाचतं. मासे त्याखाली अख्खा हिवाळा काढतात. बर्फ जड असतं तर तळी बुडापासून गोठत वर आली असती.

जाता जाता एक गोष्ट पेल्यात करून बघा. पेल्यात बर्फाचे खडे टाका, काठोकाठ पाणी भरा आणि बर्फ वितळू द्या. एक थेंबही सांडणार नाही, कारण तरंगणाऱ्या बर्फाने आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारलेलं असतं. समुद्रावर तरंगणारं बर्फ वितळलं तरी पातळी जवळपास तेवढीच राहते ती अशी. काळजी आहे ती जमिनीवर बसलेल्या बर्फाची. ग्रीनलँडचं आणि अंटार्क्टिकाचं बर्फ अजून पेल्यात पडलेलंच नाही.

सूं सूं आवाज आणि मग खळखळ

इकडे पातेलं गाऊ लागलं असेल. उकळी फुटायच्या आधी जो सूं सूं आवाज येतो तो पाणी तापल्याचा नाही. बुडाशी ज्योतीच्या अगदी जवळचं पाणी १०० अंशांना पोचून तिथे वाफेचा बुडबुडा तयार होतो, वर निघतो आणि अजून न तापलेल्या पाण्यात शिरताच गार पडून फटकन मिटतो. असे हजारो बुडबुडे मिटण्याचा तो आवाज. सगळं पाणी तापलं की बुडबुडे न मिटता वरपर्यंत पोचतात आणि आवाज एकदम घोगरा, खालच्या पट्टीतला होतो. स्वयंपाकघरात वावरणारी माणसं पाठमोरी उभी राहूनही आधण आलेलं ओळखतात ती या बदलावरून.

आता तापमापी असेल तर बुडवा. समुद्रसपाटीला ती १०० वर जाऊन थांबेल आणि मग कितीही मोठी ज्योत केली तरी पुढे सरकणार नाही. मग ही ऊर्जा जाते कुठे? स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने १७६० च्या दशकात ग्लासगो विद्यापीठात या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. त्याच्या आधी समजूत अशी की पाणी उकळीला आलं की आणखी थोड्याशा उष्णतेने सगळ्याची वाफ व्हावी. तसं होत नाही, पाणी आटायला पुष्कळ वेळ लागतो, हे त्याने घड्याळ लावून मोजलं आणि या लपलेल्या उष्णतेला नाव दिलं, आपण तिला सुप्त उष्णता म्हणतो. त्याच विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करणारा जेम्स वॅट त्याचा मित्र. वाफेच्या इंजिनात पुढे वॅटने जी सुधारणा केली तिच्यात या उष्णतेचा हिशेब होताच.

आकडा बघा. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. त्या १०० अंशांच्या पाण्याची १०० अंशांचीच वाफ करायला २,२५७. म्हणजे तुमच्या गॅसवर आधण यायला आठ मिनिटं लागली असतील तर तेवढ्याच ज्योतीवर पातेलं कोरडं व्हायला आणखी सुमारे ५४ मिनिटं लागतील. हात सैल करणं वेगळं आणि प्रत्येक रेणूचे सगळे हात सोडवून त्याला हवेत भिरकावणं वेगळं. यातून रोजच्या कामाची एक गोष्ट निघते. उकळी आल्यावर ज्योत मोठी ठेवण्याने आतलं काही लवकर शिजत नाही, नुसतं पाणी लवकर आटतं. शिजणं लवकर हवं असेल तर दाब वाढवायचा. प्रेशर कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, आणि उलट ३,००० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी म्हणून ते ९० अंशांनाच उकळतं.

वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट का, तेही यातच आलं. वाफ कातडीवर परत पाणी होताना ती सगळी लपवलेली उष्णता तिथेच टाकते. घामात याचा उलटा व्यवहार होतो. घामाचा थेंब वाळताना लागणारी उष्णता आपल्या अंगातून घेतो. म्हणजे गार वाटतं ते घाम येण्याने नव्हे, वाळण्याने. हवा आधीच दमट असेल तर घाम नुसता ओघळतो आणि काम न करताच वाया जातो. म्हणूनच दमट हवेतले ३५ अंश कोरड्या हवेतल्या ४० पेक्षा जिवावर येऊ शकतात.

पातेल्यावर जो पांढरा लोट दिसतो त्याला आपण वाफ म्हणतो, पण खरी वाफ दिसत नाही. चोच असलेली किटली असेल तर नीट बघा. चोचीच्या तोंडाशी बोटभर जागा रिकामी, पारदर्शक दिसते आणि पांढरं त्याच्या पुढे सुरू होतं. ती रिकामी जागा म्हणजे वाफ. पुढचा लोट म्हणजे गार पडून झालेले पाण्याचे बारीक थेंब, अर्थात घरगुती ढग. मोठे ढगही असेच होतात आणि वाफेचं पाणी होताना सुटलेली उष्णता वर आभाळात मोकळी होते. चक्रीवादळाला जोर मिळतो तो त्यातून, आणि त्यासाठी समुद्राचा पृष्ठभाग साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेला असावा लागतो. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो अशी तक्रार वाढली आहे, तिच्या मुळाशी हा आकडा आहे. गंमत म्हणजे वातावरणात एका वेळी असलेलं सगळं बाष्प पृथ्वीभर सारखं बरसवलं तर जेमतेम २५ मिलिमीटर भरेल. पाऊस पुरतो तो ही शिदोरी दर नऊ-दहा दिवसांनी नव्याने भरली जाते म्हणून.

तळाशी काय उरलं

गॅस बंद करून पातेलं रिकामं केलं, वाळू दिलं, की बुडाला पांढुरकी साय दिसते. बोअरचं पाणी असेल तर जरा जास्तच. पाणी हातात येईपर्यंत ते काही ना काही विरघळवत आलेलं असतं. रेणूच्या त्या दुतोंडी (एकीकडे ऋण, दुसरीकडे धन) भारामुळे मिठासारख्या पदार्थांचे कण वेगळे करून आपल्यात घोळवणं त्याला सोपं जातं. अगदी शुद्ध पाणी मिळवणं म्हणूनच महाकठीण, आणि त्यापायी शास्त्रज्ञही फसले आहेत. १९६० च्या दशकात सोव्हिएत प्रयोगशाळांतून बातमी आली की अगदी बारीक काचनळ्यांत पाण्याचा एक नवाच प्रकार सापडलाय, दाट आणि वेगळ्याच गुणधर्मांचा. जगभर ‘पॉलिवॉटर’चा गाजावाजा झाला. अमेरिकेतल्या डेनिस रूसो या संशोधकाने शेवटी हँडबॉल खेळून आल्यावर शर्टातून पिळलेला स्वतःचा घाम तपासला. त्याचा वर्णपट (कोणत्या प्रकारचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख) या अद्भुत पाण्याच्या वर्णपटाशी जवळजवळ तंतोतंत जुळला. नवं पाणी कसलं, काचेतून आणि माणसांच्या हातांतून विरघळलेली घाण होती ती.

पातेल्यातली साय बहुतेक कॅल्शिअम कार्बोनेट असते. असं पाणी म्हणजे बोलीतलं जड पाणी, शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन. (अणुभट्टीत वापरतात ते जड पाणी पूर्ण वेगळं, त्यात हायड्रोजनच जड असतो.) यात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचे क्षार असतात. ते साबणाशी जुळून न विरघळणारा चिकटा करतात, त्यामुळे फेस येत नाही आणि बादलीला कड धरते. पिण्याच्या दृष्टीने बघायचं तर ही दोन्ही मूलद्रव्यं शरीराला लागतातच. वैताग आहे तो गीझरला आणि कपड्यांना.

इथे पाण्यात लिटरमागे किती मिलिग्रॅम पदार्थ विरघळलेले आहेत ते सांगणाऱ्या टीडीएस मीटरबद्दल बोललं पाहिजे, कारण त्याच्या नावावर बराच बाजार चालतो. एकदा घरी एक विक्रेता आला होता. पेनासारखं मीटर नळाच्या पाण्यात बुडवून ३१० दाखवलं, मग त्याच्या यंत्रातून काढलेल्या पाण्यात २०. तेवढ्याने आम्ही हललो नाही तेव्हा त्याने दोन्ही पेल्यांत धातूच्या कांड्या सोडून वीज जोडली. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी, गढूळ, वर मळकट फेस. यंत्राचं पाणी तसंच नितळ. ‘बघा, हे पिता तुम्ही.’ घाबरायला होतं खरं. पण तो तपकिरी गाळ कांडीच्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजून त्याचा गंज पाण्यात उतरतो. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहतच नाही, म्हणून कांडी जवळजवळ जशीच्या तशी राहते. त्या नितळ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा वीज जोडली असती तर तोही तितकाच तपकिरी झाला असता. हे मला तो गेल्यावर सुचलं.

मीटरही हेच मोजतं, पाण्यातून वीज किती सहज वाहते ते, आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतं. लिटरभर पाण्यात चमचाभर साखर विरघळवा, आकडा जवळपास हलत नाही. चिमूटभर मीठ टाका, काही शेकड्यांनी उडी मारतो. आता अर्सेनिक घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. मीटरचा शेवटचा आकडा एकाने बदलतो तो साधारण एका मिलिग्रॅमला. म्हणजे मर्यादेच्या शंभरपट विष पाण्यात उतरलं तरी मीटर फार तर ३१० चं ३११ दाखवेल. जंतूंचा तर त्याला पत्ताच लागत नाही.

नितळपणाचंही तेच. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याने सहाशेहून अधिक माणसं गेली. तिथल्या सार्वजनिक पंपाचं पाणी लोकांना आवडायचं, इतकं की लांब राहायला गेलेली एक बाई चवीसाठी मुद्दाम ते मागवत असे. तीही दगावली, आणि तिच्या आजूबाजूला दुसऱ्या कुणालाच कॉलरा झालेला नव्हता. जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यूंची ठिकाणं टिपून दोष त्या पंपाकडे नेला आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. पाणी उकळणं हा अशा जंतूंवरचा जुना आणि चांगला उपाय, खळखळून उकळी आली की ते मरतात. पण अर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट उकळून जात नाहीत. पाणी आटेल तसे उलट किंचित दाटच होतात. त्यांच्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणीच लागते.

साय आली कुठून

तुमच्या पातेल्यातलं लिटरभर पाणी म्हणजे पृथ्वीवरचं सगळं पाणी असं धरलं तर त्यातलं ९७५ मिलिलिटर खारं. उरलेल्या २५ मधले १७ मिलिलिटर बर्फ, साडेसात भूजल, म्हणजे औषधाचा दीड चमचा. सगळ्या नद्या आणि गोडी तळी मिळून जेमतेम दीड थेंब. म्हणजे द्रव रूपातलं गोडं पाणी जवळजवळ सगळं जमिनीखालीच आहे. मात्र जमिनीखाली तळी किंवा नद्या असतात ही समजूत बहुतेक ठिकाणी चुकीची. हे पाणी वाळूच्या कणांमधल्या फटींत आणि खडकांच्या भेगांत असतं, भिजलेल्या स्पंजात असावं तसं. ते किती वेगाने सरकतं याचा नियम आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करताना वाळूच्या नळकांड्यांतून पाणी सोडून काढला आणि १८५६ मध्ये छापला. हा वेग दिवसाला मीटरभर असला तरी भरपूर, पुष्कळदा काही सेंटिमीटरच. तासाला हजारो लिटर उपसणाऱ्या पंपाने खाली गेलेली पातळी एका पावसाळ्यात भरून यावी अशी अपेक्षा ठेवताना हा वेग आठवावा. काही खोल थरांतलं पाणी तर हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचं आहे.

पाऊस हवेतून येताना थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन येतो आणि मातीत शिरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला आणखी बराच घेतो. असं किंचित आंबट झालेलं पाणी चुनखडीच्या खडकातून झिरपताना तो खडक विरघळवत जातं. गुहेच्या छतातून थेंब लोंबतो तेव्हा तो वायू निसटतो, विरघळलेला चुना तिथेच मागे राहतो आणि शेकडो वर्षांनी त्याचा लवणस्तंभ दिसू लागतो. पातेल्यात आपण तेच काम ज्योत लावून दहा मिनिटांत उरकतो.

ती साय खरवडू नका, पातेल्याला चरे पडतात. तिच्यावर चमचाभर व्हिनेगर ओता. लगेच बारीक फसफस होते आणि पांढरं सुटू लागतं. हे या पातेल्यातले तिसऱ्या जातीचे बुडबुडे. पहिले हवेचे, दुसरे वाफेचे, हे कार्बन डायऑक्साइडचे. पाणी चुनखडीतून आलेलं असेल तर त्यातला थोडा कार्बन मातीतल्या मुळांनी सोडलेला असतो आणि थोडा खडकातला. तो खडक कधीकाळी समुद्रतळाशी शिंपल्यांच्या आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांचा थर म्हणून साचलेला असतो. फसफस थांबली की पातेलं विसळून पालथं घाला.